विज्ञानकथा : पृष्ठावरची आणि पडद्यावरची

विज्ञानकथा वाचण्यात जो आनंद आहे तोच ती पडद्यावर पाहण्यात आहे काय, हा प्रश्न केवळ रुचीचा समजून बहुधा सोडून दिला जातो. महाराष्ट्रापुरते पाहिले असता तो इतिहासाचाही आहे, व त्याचे एक टोक नाशकात सापडते.

मराठीत ही कथा प्रथम मासिकांतून आली. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे 'चंद्रलोकची सफर' हे मराठी रूप १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकात आले. १९१५ मध्ये श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा 'मनोरंजन'मध्ये प्रसिद्ध झाली. मधल्या काळात, १९०२ साली, फ्रान्समध्ये मेलिएसने चंद्रप्रवास पडद्यावर आणला होता. मेलिएस जादूगार होता. दादासाहेब फाळकेही जादूचे प्रयोग करीत, हे साम्य लक्षणीय आहे.

त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेल्या फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली. अनेक दिवसांची क्रिया काही क्षणांत दाखविण्याची ही दृष्टी वैज्ञानिकाचीच होय. तथापि नाशकास बिऱ्हाड हलविल्यावर त्यांचे तंत्र 'लंकादहन' (१९१७) व 'कालियामर्दन' (१९१९) या पुराणकथांच्या सेवेस लागले. कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. पुराणातील अद्भुत प्रेक्षकास आधीच ठाऊक होते. ते पटवावयाचे नव्हते, केवळ दाखवावयाचे होते. विज्ञानकथेस 'हे कसे घडले?' याचेही उत्तर द्यावे लागते, आणि मूकपटाच्या मधल्या पाट्यांवर ते मावणे कठीण होते.

हे उत्तर छापील पृष्ठावर मावते. वाचक थांबतो, मागे वळतो, तर्क पडताळून पाहतो. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, आणि १९७९ मध्ये जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आला, तो याच सवयीच्या आधारावर. डिसेंबर २०२१ मध्ये नाशकात भरलेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे होते. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत.

यावरून पडदा गौण ठरतो असे मात्र नव्हे. अंकुर वर येताना दिसणे हा अनुभव कोणत्याही वर्णनाने मिळत नाही. पृष्ठाने कारण दिले, पडद्याने प्रत्यय दिला. खेद इतकाच की, त्या काळी फाळक्यांचे यंत्र आणि मासिकांतील कल्पना एकाच कार्यशाळेत भेटल्या नाहीत. म्हणून आपल्या विज्ञानकथेस वाचक लवकर लाभला, प्रेक्षकाची मात्र दीर्घकाळ वाट पाहावी लागली.