न ओरडण्याचे धाडस

घरात परका माणूस शिरला असता चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने काय केले म्हणजे आपण तिला शूर म्हणू? हा प्रश्न कोणत्याही चार बायकांत टाकून पाहावा. एक म्हणेल, मुसळ उचलावे. दुसरी म्हणेल, तिखटाची पूड डोळ्यांत फेकावी. तिसरी म्हणेल, सारी आळी जागी होईल अशी आरोळी ठोकावी. गप्प बसावे, असे सहसा कोणी म्हणणार नाही. गप्प बसणे हे भित्रेपणाचे लक्षण, असेच आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

आपली ही कल्पना अगदीच खोटी आहे असे नव्हे. राजौरी जिल्ह्यातील एका खेड्यात २००९ च्या सप्टेंबरात रात्री हत्यारबंद दहशतवादी घरात घुसले आणि आईबापांना मारहाण करू लागले, तेव्हा रुखसाना कौसर या तरुण मुलीने कुऱ्हाड उचलली, त्यांच्याच बंदुकीने त्यांतील एकाला ठार केले, आणि पुढे तिला कीर्तिचक्र मिळाले. ते योग्यच झाले. मात्र ही हकीगत सांगताना आपण कुऱ्हाडीपासून सुरुवात करतो. त्याआधी ती मुलगी खाटेखाली लपून होती, हे सांगायचे बहुधा राहून जाते. लपण्याचा तेवढा वेळ जणू तिच्या शौर्यात धरायचाच नाही!

म्हणून येथे मी अशा एका रात्रीची हकीगत सांगणार आहे की, जिच्यात शेवटपर्यंत लपूनच राहायचे होते. ती रात्र ९ एप्रिल १९४४ ची, आणि गाव हॉलंडमधील अ‍ॅमस्टरडॅम. मुलीचे नाव अ‍ॅन फ्रँक. वय चौदा पुरे, पंधरावे चालू. तिची रोजनिशी आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असेल. परंतु तिच्यातील चोरांची ही रात्र फारशी कोणाच्या ध्यानात राहत नाही.

जर्मनांनी हॉलंड १९४० च्या मे महिन्यात व्यापले. ज्यूंना पकडून छावण्यांत धाडणे सुरू झाले, तसे ऑटो फ्रँक बायको व दोन मुलींसह ६ जुलै १९४२ रोजी आपल्याच पेढीच्या मागल्या भागात जाऊन लपले. ही पेढी मुरंबे घट्ट होण्यासाठी लागणारी पूड विकत असे, आणि खालच्या वखारीत मसालेही दळले जात. व्हान पेल्स पतिपत्नी, त्यांचा मुलगा पीटर आणि फेफर नावाचे दंतवैद्य मिळून पुढे आठ माणसे झाली. मागच्या भागात जाण्याची वाट पुस्तकांच्या एका फडताळाने झाकली होती, आणि ते फडताळ दारासारखे उघडत असे. पेढीतील चार-पाच विश्वासू माणसे शिधा आणून देत. दिवसा पावलांचा आवाज करायचा नाही, नळ सोडायचा नाही, अशी ती राहणी. त्यात युद्धामुळे गावात टंचाई, त्यामुळे चोऱ्या फार. या पेढीतही त्याआधी चोर येऊन गेले होते.

त्या दिवशी ईस्टरचा रविवार होता. रात्री साडेनऊच्या सुमारास पीटरने दार ठोठावले आणि इंग्रजीचे एक अवघड वाक्य अडले आहे, जरा येता का, असे ऑटो फ्रँक यांना विचारले. बायकामुलींनी घाबरू नये म्हणून केलेली ती बतावणी होती, आणि अ‍ॅनला तिचा लगेच संशय आला. चौघे पुरुष खाली गेले. वखारीच्या दाराची मोठी फळी निघालेली आणि चोरांचे काम चालू! व्हान पेल्स यांच्याने राहवले नाही, ते 'पोलीस!' म्हणून ओरडले. चोर पळाले. फळी परत बसवली, तर बाहेरून लाथ बसून ती पुन्हा आत पडली. त्या उद्धटपणाचा संताप येऊन व्हान पेल्स यांनी कुऱ्हाडीचा घाव जमिनीवर घातला. तोच भोकातून विजेरीचा झोत आत आला. रस्त्याने जाणारे एक जोडपे आत डोकावत होते.

आपण असतो तर हायसे वाटले असते, नाही का? शेजारी जागे झाले, आता पोलीस येतील! येथे सारे उलटे होते. चोराला चोर म्हणण्याचाही हक्क या आठ माणसांना उरला नव्हता. चोरापेक्षा पोलिसाचे भय मोठे. पुरुष धावत वर आले, दिवे मालवले आणि आठही जण वरच्या मजल्यावर अंधारात बसले.

सव्वाअकराच्या सुमारास खाली पावले वाजली. ती जिना चढून वर आली आणि फडताळापाशी थांबली. कोणीतरी ते फडताळ दोनदा खडखडवले. अ‍ॅनला कापरे भरले होते, आणि हे तिने मुळीच लपवलेले नाही. पावले परत गेली, पण फडताळासमोरचा दिवा जळतच राहिला. पोलीस खाली थांबले आहेत की गेले, कळायला मार्ग नाही. सोमवारही सणाचा, पेढी बंद. रात्र जमिनीवर पडून काढायची. शौचाला पीटरच्या खोलीतील कागदाची टोपली! अशा गोष्टी वीरकथांत येत नाहीत, पण कोंडून घेतलेल्या बाईमाणसांना हेच आधी आठवते.

कोणी म्हणाले, रेडिओ लपवा. मग निघाले, रोजनिशी सापडली तर? जाळून टाकावी! फडताळ खडखडले तो क्षण आणि हे बोलणे कानांवर आले तो क्षण, हे दोन तिला सर्वांत भयंकर वाटले. रोजनिशी जाणार असेल तर मीही जाईन, असे तिने सांगितले. शेजारी व्हान पेल्सबाई धीर सोडून बसल्या होत्या. आता आपण शिपायासारखे वागले पाहिजे, असे ही पोर त्यांना कुजबुजून सांगत होती. मला वाटते, त्या घरातील हत्यार एकच, आणि ते म्हणजे गप्प राहणे. आणि ते आठजणांनी मिळून रात्रभर धरून ठेवले. एक खोकला, एक हुंदका, की सारे संपले असते.

सकाळी सात वाजता पेढीतील क्लेमान यांना टेलिफोन केला. थोड्या वेळाने मीप खीस आणि त्यांचे यजमान यान आले तेव्हा रडू फुटले. मग बोलणीही बसली. अशा वेळी खाली कधीही जायचे नाही, असे यान व कुग्लर यांनी बजावले. म्हणजे एरवी आपण ज्याला मर्दपणा म्हटले असते, ती ओरड आणि तो कुऱ्हाडीचा घाव, याच त्या रात्रीच्या चुका ठरल्या. दारे मजबूत केली गेली. सतरा वर्षांच्या पीटरने रात्री साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान घरभर फेरी मारून सारे पाहून घ्यायचे, असा नेम ठरला.

विजेरी मारणारे जोडपे कोण, तेही कळले. या घराला बटाटे-भाजी पुरवणारे हेन्ड्रिक व्हान हूव्ह आणि त्यांची पत्नी. त्यांना संशय होता की आत माणसे लपली असावीत; म्हणून त्यांनी पोलिसांना मुद्दामच कळवले नाही. पोलीस आणले ते रात्रीच्या पहारेकऱ्याने, आणि त्यात त्याचा काही दुष्टावा नव्हता. शेजाऱ्याने तोंड मिटून ठेवणे हे किती अवघड असते, हे आपल्या वाडीतल्या कोणीही सांगेल! पुढे २५ मे रोजी व्हान हूव्ह यांना स्वतःच्या घरात दोन ज्यू लपवल्याबद्दल पकडले. ते छावण्यांतून जिवंत परत आले.

४ ऑगस्ट १९४४ रोजी पोलीस भर दिवसा आले, आणि या खेपेला फडताळ उघडले गेले. आठांपैकी एकटे ऑटो फ्रँक परतले; अ‍ॅन १९४५ च्या आरंभी बेर्गेन-बेल्सनच्या छावणीत वारली. पकडून नेले त्या दिवशी तिच्या वह्या आणि सुटे कागद जमिनीवर विखुरले होते. मीप खीस आणि पेढीतील दुसरी एक मुलगी यांनी ते गोळा केले. मीपबाईंनी ते आपल्या मेजाच्या खणात ठेवले. ती परत आली की तिच्या हाती द्यायचे म्हणून, एक अक्षरही न वाचता.