‘करावयाचे’ ते ‘केले’

आपल्या चांदवडच्या सोसायटीपासून मुंबईच्या गिरणीपर्यंत प्रत्येक सभेला ‘अजेंडा’ लागतो. मूळ लॅटिन धातुसाधित. अर्थ, ‘करावयाच्या गोष्टी’. एकच विषय असेल तर खरे म्हणजे ‘अजेंडम’ म्हणावे. कोणी म्हणत नाही! संस्कृतातले ‘कर्तव्य’ याच अर्थाचे. या रूपात काम पुढे येते, कर्ता दडतो. सांगायचाच झाला तर लॅटिन त्याला चतुर्थी लावते. आपणही ‘मला करावयाचे आहे’ म्हणतो.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणीकामगारांच्या वतीने रविवारची सुटी मागितली. ‘द्यावयाची’ सुटी, पण देणारा गप्प! २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली; दोन स्त्रियाही बोलल्या. १० जूनला मालकसंघाने ‘दिली’ म्हटले.