नानीच्या पानदानाशेजारची डबी

नानीच्या पानदानाशेजारी पत्र्याची एक गोल, चपटी डबी असायची. तीत ती लवंगा ठेवी. "तुझ्या नानांना इंग्रज साहेबाने खूश होऊन दिली होती," असे ती सांगायची. आम्ही ते खरे मानून मोठे झालो. बीएडला इतिहासाच्या तासाला साधनांची चिकित्सा घोकली, पण घरातली डबी तपासावी असे कधी सुचले नाही.

नानी गेल्यावर डबी माझ्याकडे आली. ती एअरगनच्या छर्‍यांची निघाली. उरुसात फुगे फोडायला बंदुकीत भरतात ना, तेच छर्रे. झाकणावर नाव आहे 'एले वास्प'. वास्प म्हणजे गांधीलमाशी.

विलायतेत अशा डब्या जमवणारे शौकीन आहेत. एकाच मालाच्या दहा डब्या ते शेजारी शेजारी मांडतात आणि फरक शोधतात. रंग, अक्षरांचे वळण, छर्‍याचे माप. जुन्या डब्यांवर माप नंबरात असे : नंबर 1 म्हणजे .177 इंच, नंबर 2 म्हणजे .22, नंबर 3 म्हणजे .25. पण सगळ्यात कामाचा असतो तो बारीक अक्षरातला कंपनीचा मजकूर. डबीवर तारीख नसते, मालक मात्र बदलत जातात. एले हे लंडनचे घराणे, 1828 पासूनचे, काडतुसांसाठी नावाजलेले. पहिल्या महायुद्धानंतर ते मोठ्या गटात विलीन झाले आणि तो गट 1926 मध्ये इंपिरियल केमिकल इंडस्ट्रीजमध्ये गेला. पुढे 1962 मध्ये तिच्या धातुविभागाची वेगळी कंपनी झाली : इंपिरियल मेटल इंडस्ट्रीज.

नानीच्या डबीवर भिंगातून वाचले, इंपिरियल मेटल इंडस्ट्रीज (किनॉक), बर्मिंगहॅम. म्हणजे डबी 1962 च्या आधीची असूच शकत नाही. तोवर साहेब जाऊन पंधरा वर्षे झाली होती.

(एक सांगून ठेवतो. छर्रे शिशाचे असतात, जुने झाले की त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते आणि ती विषारी असते. अशी डबी हाताळल्यावर हात धुवावेत. खाण्याचे तर त्यात काहीच ठेवू नये. आम्ही त्यातल्या लवंगा वर्षानुवर्षे चघळल्या.)

मग ती आली कुठून? आमच्या रत्नागिरीकडचे कितीतरी मुसलमान बोटीवर खलाशी म्हणून जात. मोठे मामूही गेले होते. विलायतेत त्यांनी लग्न केले आणि त्यानंतर नानीने त्यांचे नाव घेणे सोडले. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नाही. साहेबाची गोष्ट नानीने कधी रचली, कोण जाणे. पण लेकाने आणलेली डबी तिने टाकली नाही, रोज हाताशी ठेवली.

अम्मीला ती बारीक अक्षरे वाचून दाखवली. तिने डबी हातात घेतली, झाकण उघडून वास घेतला. मग म्हणाली, "भाईजान दोनदाच आले घरी. दुसर्‍या वेळी अम्मा दाराबाहेर आली नाही."