कोडनं फोल्डर फिरताना सिमलिंक आडवी आली तर?

कागल पंचतारांकित एमआयडीसीत एका मशीनशॉपमध्ये मी काम करतो. फाउंड्रीतून आलेली कास्टिंग आमच्याकडं व्हीएमसीवर चढतात, आणि हातात ड्रॉइंग नसेल तर ऑपरेटर मशीन चालू करत नाही. ही ड्रॉइंग ऑफिसमधल्या एका लिनक्स कॉम्प्युटरवर असतात. दर आठवड्याला त्यांची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायचं काम माझ्याकडं आलं, कारण "ह्याला पायथन येतंय" असं कुणीतरी बोलून गेलं होतं.

मी वीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि सुट्टीच्या आदल्या रात्री चालू करून घरी गेलो. परत आलो तर ५०० जीबीची डिस्क गच्च भरलेली. मूळ ड्रॉइंग सगळी मिळून १४ जीबी! आणि खरा फटका पुढंच होता. त्याच आठवड्यात एका पार्टचं ड्रॉइंग चुकून ओव्हरराइट झालं. बॅकअपमध्ये शोधलं, तर तो पार्टच तिथं नाही. डिस्क आधीच भरल्यामुळं स्क्रिप्ट त्या फोल्डरपर्यंत पोचलीच नव्हती. ग्राहकाकडून ड्रॉइंग परत येईपर्यंत अर्धी शिफ्ट मशीन उभं राहिलं.

कारण होतं एक सिम्बॉलिक लिंक, म्हणजेच सिमलिंक. ती मीच बनवलेली होती.

सिमलिंक म्हणजे नेमकं काय?

सिमलिंक म्हणजे एक चिठ्ठी. तिच्यात फक्त एक पत्ता लिहिलेला असतो: "खरी वस्तू अमुक ठिकाणी आहे." तुम्ही लिंक उघडली की ऑपरेटिंग सिस्टिम गुपचूप त्या पत्त्यावर जाते आणि तिथली फाइल किंवा फोल्डर पुढं करते. फोनच्या होम स्क्रीनवरचं आयकॉन आठवा. ते काढलं म्हणून अ‍ॅप अनइन्स्टॉल होत नाही. साधारण तसंच, फक्त हे फाइल सिस्टिमच्या पातळीवर चालतं, त्यामुळं प्रत्येक प्रोग्रॅमला लिंक खऱ्या फोल्डरसारखीच दिसते. (विंडोजचा डेस्कटॉप शॉर्टकट वेगळा. ती एक साधी फाइल असते, तिला फोल्डर समजून कोड आत जात नाही.)

युनिक्सच्या जगात ही सोय १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून आहे. विंडोजमध्ये ती व्हिस्टापासून आली.

आमच्याकडं तिचा उपयोग चांगला आहे. प्रत्येक पार्टच्या फोल्डरमध्ये रेव्ह-०१, रेव्ह-०२, रेव्ह-०३ अशी फोल्डर असतात आणि "चालू" नावाची लिंक सर्वात नव्या रिव्हिजनकडं बोट दाखवते. ऑपरेटरनं फक्त "चालू" उघडायचं. जुन्या रिव्हिजनवर बोअर मारून जॉब रिजेक्ट व्हायची भीती नाही. गडबड झाली ती दुसऱ्या लिंकमुळं. एका पार्टच्या फोल्डरमधून पटकन वर जाता यावं म्हणून मी तिथं "सगळे-पार्ट" अशी लिंक टाकली होती, आणि ती सगळ्यात वरच्या फोल्डरकडंच जात होती.

माझी स्क्रिप्ट कुठं फसली?

स्क्रिप्ट प्रत्येक नावाला विचारत होती, "तू फोल्डर आहेस का?" त्यासाठी मी पायथनचं ओएस.पाथ.इझडिर वापरलं होतं. हे फंक्शन लिंकला विचारत नाही, लिंक जिथं जाते तिथल्या वस्तूला विचारतं. उत्तर आलं "हो". स्क्रिप्ट आत शिरली, परत वरच्या फोल्डरला पोचली, परत त्याच पार्टमध्ये, परत "सगळे-पार्ट"मध्ये...

तुम्ही म्हणाल, मग हे कायमचंच चालायला हवं. गंमत अशी की लिनक्सवर तसं होत नाही. एका पाथमध्ये लिनक्स जास्तीत जास्त ४० लिंक ओलांडू देतं. त्यानंतर "टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स" अशी एरर येते. म्हणजे मूळ एक आणि लिंकमधून ४०, अशा ४१ कॉप्या. १४ गुणिले ४१ केलं की ५७४ जीबी होतात. "चालू"मुळं पडलेल्या डबल कॉप्या त्यात धरलेल्याच नाहीत.

४० ची ही मर्यादा आहे म्हणून निवांत राहू नका. अशा दोन लिंक असत्या तर? मग प्रत्येक फेरीत दोन वाटा फुटतात, पुढच्या फेरीत चार, मग आठ. नुसत्या चाळिसाव्या फेरीलाच वाटांचा आकडा एक लाख कोटींच्या वर जातो. ती स्क्रिप्ट आपल्या हयातीत संपत नाही.

विंडोजवाल्यांनी हसू नये. तुमच्या युजर फोल्डरमध्ये अ‍ॅपडेटा, त्यात लोकल, आणि त्यात "अ‍ॅप्लिकेशन डेटा" नावाचं एक जंक्शन असतं, जे पुन्हा त्याच लोकल फोल्डरकडं जातं. जुन्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेली ही सोय आहे. आतली यादी वाचायला परवानगीच दिलेली नसते, म्हणून बहुतेक प्रोग्रॅम त्यात गोल फिरत नाहीत.

फोनवर करून बघा

हा प्रकार बघायला सर्व्हर लागत नाही. अँड्रॉइडवर टर्मक्स अ‍ॅप असेल तर त्यात टर्मक्स-सेटअप-स्टोरेज ही कमांड द्या. (कमांड मी इथं देवनागरीत लिहितोय, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायच्या.) आता स्टोरेज नावाचं फोल्डर तयार होतं. त्यात शेअर्ड, डीसीआयएम, डाउनलोड्स, पिक्चर्स वगैरे दिसतात. त्या सगळ्या सिमलिंक आहेत. शेअर्ड ही फोनच्या पूर्ण स्टोरेजकडं जाते आणि डीसीआयएम त्याच्याच आतल्या कॅमेरा फोटोंकडं.

आता पायथनच्या ओएस.वॉकनं या स्टोरेज फोल्डरमधले फोटो मोजा. उत्तर शून्य! कारण ओएस.वॉक मुळात लिंकच्या आत जात नाही. मग फॉलोलिंक्सला ट्रू द्या. आता कॅमेऱ्याचे सगळे फोटो दोनदा मोजले जातात, एकदा शेअर्डमधून आणि एकदा डीसीआयएममधून. दोन्ही आकडे चुकीचे, आणि एरर एकदाही नाही. मला हाच भाग जास्त घातक वाटतो. डिस्क भरली तर निदान कळतं तरी.

आणखी एक. अँड्रॉइडवर एसडीकार्ड हा पाथ स्वतःच लिंक आहे. ओएस.वॉकला तोच पाथ सुरुवातीचा म्हणून दिला तर ते मुकाट आत जातं, कारण पहिल्या पाथला लिंकचा नियम लागत नाही. फाइंड कमांडला दिला तर ती फक्त त्या लिंकचं नाव छापून थांबते. पाथच्या शेवटी तिरकी रेघ दिली की मग आत जाते. एकाच गोष्टीला दोन हत्यारं दोन उत्तरं देतात, म्हणून हत्यार बदललं की हे एकदा तपासून घ्यायचं.

मग करायचं काय?

आधी ठरवा की काम कोणतं आहे. मोजायचं असेल तर लिंकमधून जा, पण गेलेल्या जागांची नोंद ठेवा. प्रत्येक फोल्डरचा खरा पत्ता ओएस.पाथ.रिअलपाथनं काढायचा आणि एका सेटमध्ये टाकायचा. आत शिरण्याआधी बघायचं, हा पत्ता सेटमध्ये आहे का? असेल तर पुढं चला. काही जण पत्त्याऐवजी डिव्हाइस नंबर आणि आयनोड नंबरची जोडी ठेवतात. तेही चालतं, पण जोडीच हवी, कारण दोन वेगळ्या डिस्कवर आयनोड नंबर सारखा असू शकतो. ओएस.वॉक ही नोंद स्वतः ठेवत नाही, ती तुम्हालाच ठेवावी लागते.

लिंक तुमच्या फोल्डरच्या बाहेर जात असेल तर तिकडं जायचं की नाही, हेही आधीच ठरवा. ही तपासणी नुसती पाथच्या सुरुवातीची अक्षरं जुळवून करू नका. "ड्रॉइंग" आणि "ड्रॉइंग-जुनं" यांची सुरुवात सारखीच असते. त्यासाठी ओएस.पाथ.कॉमनपाथ आहे.

कॉपीला मात्र मी ही नोंदवहीची पद्धत वापरत नाही. समजा फिरताना "चालू" आधी लागलं. मग रेव्ह-०३ चा पत्ता "झालेला" ठरतो आणि खरं रेव्ह-०३ फोल्डर बॅकअपमधून गायब! बॅकअपमध्ये लिंक ही लिंक म्हणूनच जायला हवी. शटिल.कॉपीट्री वापरत असाल तर सिमलिंक्सला ट्रू द्यावं लागतं, नाहीतर ते लिंकच्या जागी आतला माल कॉपी करतं. पण आमची बाहेरची डिस्क एक्सफॅट होती आणि एक्सफॅटवर सिमलिंक बनतच नाही. शेवटी मी टार वापरलं. टार लिंकला लिंक म्हणूनच एका फाइलमध्ये बांधतं, डिस्क कोणतीही असो.

डिलीट करताना सगळ्यात जास्त जपा. इझडिर विचारून आत शिरणारी डिलीट स्क्रिप्ट लिंकमधून पलीकडं जाते आणि खरा माल उडवते. आधी ओएस.पाथ.इझलिंक विचारा, हो आलं तर फक्त लिंक काढा. त्याहून बरं म्हणजे शटिल.आरएमट्री वापरा. ते आतल्या लिंकची फक्त चिठ्ठी काढतं, आणि थेट लिंकच दिली तर नकार देतं. हे काम किती नाजूक आहे बघा: जानेवारी २०२२ मध्ये रस्ट भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतच अशी चूक सापडली होती. "हे फोल्डर आहे" असं तपासल्यावर आणि आत शिरण्याआधीच्या क्षणात कुणी तिथं लिंक ठेवली, तर भलतंच फोल्डर उडू शकत होतं. १.५८.१ आवृत्तीत ती दुरुस्त झाली.

तुटक्या लिंकही असतात, ज्यांचा पत्ताच आता अस्तित्वात नाही. ओएस.वॉक त्यांना फाइलच्या यादीत टाकतं, आणि तुम्ही साइज विचारली की स्क्रिप्ट "फाइल नॉट फाउंड" म्हणून बसते. आमच्या सर्व्हरवर अशा नऊ सापडल्या. जुनी रिव्हिजन कुणीतरी काढली होती, "चालू" मात्र तिकडंच बोट दाखवत होतं. ती यादी आता बॅकअपनंतर आपोआप माझ्या फोनवर येते, आणि "सगळे-पार्ट" ही लिंक मी त्याच दिवशी काढून टाकली.