कॉर्गी २६१ (ॲस्टन मार्टिन डीबी५)

कॉर्गी २६१ ही ब्रिटनमधील 'कॉर्गी टॉइज' या नाममुद्रेने ऑक्टोबर १९६५ मध्ये बाजारात आणलेली ॲस्टन मार्टिन डीबी५ या मोटारीची ओतीव धातूची (डाय-कास्ट) लघुप्रतिकृती होय. १९६४ च्या 'गोल्डफिंगर' या जेम्स बाँड चित्रपटातील मोटारीवर ती आधारलेली आहे. खेळणे म्हणून जन्मलेली ही वस्तू आज संग्राहकांच्या कपाटात अधिक आढळते.

पार्श्वभूमी

मेटॉय ही कंपनी १९३३ मध्ये नॉर्थॅम्प्टन येथे स्थापन झाली. नाझी राजवटीतील जर्मनी सोडून आलेले ज्यू खेळणीव्यावसायिक फिलिप उलमन हे तिचे संस्थापक. १९५६ मध्ये कंपनीने 'कॉर्गी टॉइज' ही मालिका सुरू केली. कारखाना वेल्समधील स्वान्झी येथे असल्याने त्या प्रदेशातील बुटक्या पायांच्या कुत्र्याचे नाव मालिकेला मिळाले. त्या काळी डिंकी टॉइजचे बाजारपेठेवर वर्चस्व होते. मात्र त्यांच्या मोटारींच्या खिडक्या उघड्या असत. कॉर्गीने खिडक्यांना पारदर्शक प्लॅस्टिक बसवले आणि एवढ्या लहानशा सुधारणेने मुलांचे लक्ष वेधून घेतले.

इयान फ्लेमिंग यांच्या मूळ कादंबरीत (१९५९) बाँडकडे डीबी मार्क ३ ही मोटार आहे. चित्रपटासाठी नवी डीबी५ निवडण्यात आली आणि तिच्यावर लपवलेली शस्त्रे चढवण्यात आली. चित्रपट गाजला, पण प्रतिकृती बाजारात यायला सुमारे एक वर्ष लागले. हा काळ वाचवण्यासाठी कॉर्गीने अगदी नवा साचा न करता १९६० पासून विक्रीत असलेल्या डीबी४ प्रतिकृतीच्या (क्रमांक २१८) साच्यातच फेरफार केले. त्यामुळे काटेकोरपणे पाहता ही डीबी५ ची निर्दोष प्रतिकृती नव्हे.

रचना

प्रतिकृतीचे प्रमाण स्थूलमानाने १:४६ आहे. मूळ मोटारीची लांबी सुमारे ४.५७ मीटर असल्याने प्रतिकृती दहा सेंटिमीटरच्या आसपास भरते. सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा आहे. जस्तात थोडे ॲल्युमिनियम मिसळलेला हा मिश्रधातू सुमारे ३८५ अंश सेल्सिअसला वितळतो आणि दाबाखाली पोलादी साच्यात भरल्यावर बारीकसारीक उठावही अचूक घेतो.

तिची खरी कीर्ती यांत्रिक करामतींमुळे झाली. एक कळ दाबताच छताचा तुकडा उघडतो आणि बाँडशेजारी बसलेला खलपुरुष आसनाच्या झटक्याने बाहेर फेकला जातो. दुसऱ्या कळीने पुढील बाजूस मशिनगन व बंपरचे दांडे बाहेर येतात. सायलेन्सरच्या नळ्या आत ढकलल्या की मागील काचेपुढे गोळीरोधक पडदा उभा राहतो. तळहातावर मावणाऱ्या वस्तूत स्प्रिंगांची एवढी यंत्रणा बसवणे हे त्या काळाच्या मानाने लहान काम नव्हते.

चित्रपटातील मोटार रुपेरी, तर प्रतिकृती सोनेरी आहे. रुपेरी रंग दिल्यास ती रंग न दिलेल्या धातूसारखी दिसेल, ही भीती त्यामागे होती असे सांगितले जाते. चित्रपटाच्या नावाशीही सोनेरी रंग जुळून गेला. किंमत नऊ शिलिंग अकरा पेन्स होती, म्हणजे दहा शिलिंगांना एकच पेनी कमी! त्या नाताळात दुकानदारांना मागणी पुरवता आली नाही. १९६५ चा 'टॉय ऑफ द इयर' हा ब्रिटिश खेळणीविक्रेत्यांचा पुरस्कारही तिला मिळाला.

संग्रह आणि अस्सलपणा

प्रतिकृती लाखोंच्या संख्येने विकली गेली असल्याने ती स्वतः दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ती तिची पूर्णता. बाहेर उडालेला खलपुरुष पलंगाखाली किंवा बागेत हरवत असे. कंपनीलाही याची कल्पना असावी, कारण खोक्यात 'गुप्त सूचनां'च्या पाकिटात एक जादा खलपुरुष ठेवलेला असे. सूचनापत्र, बिल्ला, आतील पुठ्ठ्याची बैठक आणि खोके हे सारे शाबूत असलेल्या नगास साध्या नगापेक्षा कितीतरी अधिक किंमत येते. ज्या प्रतिकृतीशी मूल मनसोक्त खेळले, तीच संग्राहकाच्या लेखी कमी मोलाची ठरते.

अलीकडे हुबेहूब खोकी व सुटे भाग नव्याने बनवले जातात. ते तसे सांगून विकले तर गैर काही नाही. परंतु न सांगता जोडलेला भाग खरेदीदाराची फसवणूक करतो. पुन्हा रंगवलेल्या नगाबाबतही हीच अडचण येते. रंग जाड बसल्याने बारीक उठाव बुजलेले असल्यास किंवा तळाच्या रिव्हेटांवर ड्रिलच्या खुणा असल्यास नग उघडला गेल्याचा संशय घ्यावा. शिशाच्या भेसळीमुळे जस्ताचा मिश्रधातू फुगून तडकतो, हा दोष मुख्यतः दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या खेळण्यांत आढळतो.

नंतरच्या आवृत्त्या

१९६८ मध्ये क्रमांक २७० ही किंचित मोठी, रुपेरी आवृत्ती आली. तिच्यात फिरणाऱ्या नंबरप्लेट आणि शत्रूच्या मोटारीचे टायर फाडणारी पाती यांची भर पडली. १९७८ मध्ये १:३६ प्रमाणातील क्रमांक २७१ निघाली. मेटॉय १९८३ मध्ये बुडाली. कॉर्गी हे नाव १९८९ मध्ये मॅटेलकडे, तर २००८ मध्ये हॉर्नबीकडे गेले.