सोमसूत्र आणि मोनोड्रोमी

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष कोरलेले आहे. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातले हे भूमिज शैलीचे मंदिर. शिवाच्या प्रदक्षिणेचा नियम वेगळा असतो. अभिषेकाचे पाणी वाहून नेणारे सोमसूत्र ओलांडायचे नाही. तिथपर्यंत जाऊन आल्या वाटेने मागे फिरायचे आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा तिथपर्यंत पोहोचायचे. पिंडीभोवतीचे वर्तुळ कधीच पुरे होत नाही.

वर्तुळ पुरे केले तर काय होते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील गणितज्ञांना संमिश्र संख्यांच्या प्रतलावर पडला. १ या बिंदूपासून निघा. त्याचे वर्गमूळ १ धरा. शून्याभोवती फिरताना वर्गमूळही सलगपणे बदलू द्या. फेरी संपवून त्याच जागी परतल्यावर हाती उणे १ येतो. आणखी एक फेरी मारली की पुन्हा १. लॉगॅरिथम मात्र कितीही फेऱ्या मारल्या तरी परतत नाही; दर फेरीला त्यात एक ठरावीक संख्या मिळत जाते.

यावर एक उपाय सोमसूत्राचाच: शून्यापासून एक रेषा आखायची आणि ती ओलांडायला मनाई करायची. मग किंमत एकच राहते. दुसरा उपाय म्हणजे फेरी मारू द्यायची आणि झालेला बदल नोंदवायचा. १८५० मध्ये व्हिक्टर प्युइझो यांनी बीजगणितीय समीकरणांच्या मुळांची अशी अदलाबदल अभ्यासली. १८५७ मध्ये रीमान यांनी दाखवले, की तीन विशेष बिंदूंभोवतीच्या बदलांवरून हायपरजॉमेट्रिक फल सूत्राविनाही ओळखता येते. या बदलांच्या नोंदीला मोनोड्रोमी म्हणतात. गंमत अशी, की कोशी यांनी ‘मोनोड्रोम’ हा शब्द वापरला होता तो फेरीनंतर न बदलणाऱ्या फलांसाठी!

१९०० मध्ये हिल्बर्ट यांनी प्रश्न उलटा केला: नोंद आधी दिली, तर तिला साजेसे समीकरण सापडेल का?

याच जातीच्या एका प्रश्नाचे उत्तर अंबरनाथहून लोकलने गाठता येणाऱ्या मुंबईत मिळाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी १९६५ मध्ये बंद रीमान पृष्ठभागांवरील शून्य घाताच्या ‘स्थिर’ व्हेक्टर बंडलांचा छडा लावला. अशी प्रत्येक रचना पृष्ठभागावरील फेऱ्यांच्या, लांबी न बदलणाऱ्या आणि आणखी तुकडे न पडणाऱ्या नोंदीतूनच घडते, असे त्यांनी सिद्ध केले. १९८३ मध्ये डोनाल्डसन यांनी त्याची नवी सिद्धता दिली.

रेषा आखली असती तर हिशेब सोपा झाला असता. पण फेरीत होणारा बदल अडचण नसून रचनेची ओळख आहे, हे कळले नसते.