अ‍ॅस्टोरिया : कोलंबियाच्या मुखावरचं गाव

पोर्टलंडला क्लायंटच्या प्रोजेक्टवर असताना वीकएंडला कुठे जायचं हा प्रश्न दर शुक्रवारी पडायचा. ऑफिसात कुणीतरी म्हणालं, अ‍ॅस्टोरियाला जा, दोन तासांचा ड्राइव्ह आहे. आम्ही गेलो ते चार मैल लांब पूल बघायला.

कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते तिथे १८११ साली जॉन जेकब अ‍ॅस्टरच्या कंपनीने कातड्यांच्या व्यापारासाठी ठाणं उभारलं. त्याचंच हे गाव झालं. वस्ती आजही दहा हजारांच्या आसपास. कातडी मागे पडली आणि सामन माशाचे दिवस आले. मासे पकडायला फिनलंडचे लोक, कापून डब्यात भरायला चिनी. आणि हॅमंड कंपनीच्या लाकडाच्या गिरणीत कोण? आपले लोक! बहुतेक पंजाबातले शीख. त्यांच्या वस्तीला गाव 'हिंदू अ‍ॅली' म्हणायचं.

तो काळ वाईट होता. १९०७ मध्ये बेलिंगहॅमला जमावाने हिंदी मजुरांना मारून गावाबाहेर काढलं. १९१० मध्ये पोर्टलंडजवळ सेंट जॉन्सला तेच. अ‍ॅस्टोरियात मात्र त्यांच्या कुस्त्या बघायला गोरे लोक यायचे म्हणे. १९१३ मध्ये फिनिश समाजवाद्यांच्या हॉलमध्ये लाला हरदयाळ आणि मजूर जमले, आणि त्या वर्षीच्या अशा सभांतून गदर पक्ष उभा राहिला.

यात मराठी माणसंही होती, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ओरेगनमध्ये शेतीशास्त्र शिकले आणि याच मजुरांत काम करत राहिले. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे सिएटलला इंजिनिअरिंग शिकायला आले, १९१४ मध्ये गदरच्या कामासाठी परत गेले, मेरठला पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला फाशी. वय सत्तावीस. तळेगाव माझ्या आजोळच्या वाटेवर. शिक्रापूरचा फाटा आला की आम्हाला फक्त वडापाव आठवायचा. मीही इंजिनिअरिंगच्याच जोरावर इकडे आलो. माझी सगळी काळजी व्हिसाच्या तारखांची. तुलना नको, पण मनात आलं खरं.

१९२२ मध्ये गिरणी जळाली, त्याच डिसेंबरात अर्धा बाजार जळाला. पुढे ट्यूना माशाचे कारखाने चालले, १९८० मध्ये मोठा कारखाना बंद पडला. आता भिस्त पर्यटनावर. १९६६ च्या त्या पुलाजवळ नदीकाठच्या बागेत गदरच्या शताब्दीची, २०१३ सालची, पाटी आहे. सहज नजरेतून सुटते, शोधून बघा.

बाकी मॅरिटाइम म्युझियमला दोन तास तरी ठेवा. लुईस आणि क्लार्कने १८०५-०६ चा हिवाळा काढला तो फोर्ट क्लॅटसॉपही जवळच. टेकडीवरच्या अ‍ॅस्टोरिया कॉलमला १६४ पायऱ्या आहेत. वरून मुलं लाकडी विमानं सोडायची. खाली दुकानात मिळायची. आमचं पहिलं झाडात अडकलं.